दगड जड आहे म्हणून काच जात नाही, तो चुकीचा टेकतो म्हणून जाते

गोड्या पाण्यातल्या माशांच्या टँकमध्ये मोठे दगड लावण्याबद्दल एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. काही प्रश्न जागेसाठी आवरलेत आणि जे बऱ्याच जणांनी विचारलेत ते एकत्र केलेत.

प्रश्न: माझा टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. त्यात मोठे ग्रॅनाइटचे दगड लावायचेत, सगळे मिळून ४० किलोच्या आसपास होतील. घरातले म्हणतायत की तळाची काच जाणार. एवढं वजन काचेला झेपतं का हो? नुसती भीतीच आहे की खरंच धोका आहे?

उत्तर: काच त्या मापाला हवी तेवढी जाड असेल तर वजन झेपतं. धोका आहे, पण तो वजनात नाहीये, दगड काचेला जिथं टेकतो त्या जागेत आहे. हे एकदा नीट कळलं की पुढचं बरंचसं आपोआप सुचतं, म्हणून जरा हिशोबच करून बघू.

तुमच्या टँकमध्ये ४० सेंटिमीटरपर्यंत पाणी भरलं तर ते साधारण २१६ लिटर होतं, म्हणजे २१६ किलो, आणि हे वजन तळावर सगळीकडे सारखं पसरलेलं असतं, दर चौरस सेंटिमीटरला फक्त ४० ग्रॅम. आता दगड घ्या. ग्रॅनाइट पाण्याच्या साधारण २.७ पट जड असतं, म्हणजे १० किलोचा दगड ३.७ लिटर जागा घेतो, आणि पाण्यात बुडाला की तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका हलका होतो, म्हणजे तळावर त्याचा भार येतो ६.३ किलो. तुमचे ४० किलो दगड पाण्याखाली २५ किलोच भरतात. पाण्याची पातळी आहे तीच ठेवलीत तर अख्ख्या टँकचं वजनही ४० नाही, २५ किलोनंच वाढतं, कारण जवळजवळ १५ लिटर पाण्याची जागा दगडांनी घेतलेली असते. २१६ किलो पाणी रोज झेलणाऱ्या टँकला हे २५ किलो फार नाहीत.

पण तोच १० किलोचा दगड कसा बसलाय यावर सगळं आहे. तो सपाट बाजूनं १०० चौरस सेंटिमीटर जागेवर बसला तर दर चौरस सेंटिमीटरला ६३ ग्रॅम, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या जवळपासच. तोच एका टोकावर उभा राहिला आणि ते टोक १ चौरस सेंटिमीटरचं असलं तर तिथं ६३०० ग्रॅम, पाण्याच्या दाबाच्या दीडशे पटीहून जास्त, आणि दगडाचं टोक बऱ्याचदा त्याहूनही बारीक असतं. तळहातानं दाबणं आणि नखाच्या टोकानं दाबणं यात जो फरक आहे ना, तोच इथं आहे. शिवाय काच दबत नाही, वाकून वाट देत नाही, सोसेल तेवढं सोसते आणि मग एकदम तडकते. त्यात ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं आणि ते काचेपेक्षा कठीण, त्यामुळं दगड जरासा सरकला तरी काचेवर ओरखडा उठतो आणि पुढं तडा जायचाच झाला तर त्याची सुरुवात अशाच ओरखड्यातून होते.

म्हणून पहिला नियम, दगड आणि काच यांचा थेट संबंध येऊ द्यायचा नाही. मी ३ ते ५ मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट तळाच्या मापापेक्षा बोटभर लहान कापून घालायला सांगतो, ती पाण्यात बुडते, सडत नाही आणि दगडाचा भार आजूबाजूला पसरवते. फॉल्स सीलिंगच्या लाइटखाली चौकोनी खणांची प्लास्टिकची जाळी असते, बरेच जण ती वापरतात, तीही चालते, फक्त मासे उकरणारे असले की वाळू बाजूला होऊन ती जाळी दिसायला लागते आणि खणांमध्ये घाण अडकत राहते, म्हणून माझं मत शीटलाच. थर्माकोल आत घालू नका, तो तरंगतो, दगडाखाली दबून त्याचा भुगा होतो आणि ते पांढरे दाणे फिल्टरमध्ये जातात. आणि एक गोष्ट जी हमखास राहून जाते, शीट टाकायच्या आधी तळ ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या हातानं चाचपून बघा, कारण शीटखाली ग्रॅव्हलचा एक खडा जरी राहिला तरी वरचा सगळा भार त्या एका खड्यावर येतो, म्हणजे ज्या टोकाला टाळायला शीट घातली तेच टोक आपण खाली तयार करून ठेवलं.

टँकच्या बाहेरून खाली काय असावं हे दोन प्रकारच्या टँकना वेगवेगळं आहे. बिनफ्रेमच्या टँकचा तळ सरळ स्टँडवर बसतो, त्याला खाली फोमची किंवा थर्माकोलची शीट हवीच, म्हणजे स्टँडचा उंचसखलपणा ती झाकते. ज्याला खाली प्लास्टिकची फ्रेम असते त्याची तळाची काच अधांतरी असते, सगळा भार चार कडांवर, तिथं साधारणपणे फोम घालायचा नसतो, तो मधल्या काचेला खालून वर रेटतो. तुमचा कुठला आहे ते आधी बघा, टँकबरोबर कागद आला असेल तर त्यात काय लिहिलंय ते बघा, आणि सगळे दगड एकाच टोकाला लावणार असाल तर नंतर स्पिरिट लेव्हल ठेवून स्टँड तिरका झाला नाही ना हेही बघा.

प्रश्न: आमच्याकडे दोन ऑस्कर मासे आहेत. वाळू टाकली, त्यावर दगड रचून छान गुहा केली, आठवडाभरात त्यांनी खालची वाळू उकरून टाकली आणि एका रात्री धाडकन आवाज होऊन सगळी रास कोसळली. नशिबानं काच आणि मासे दोन्ही वाचले. परत रचायचं तर वाळू जास्त जाड टाकायची का?

उत्तर: नाही, वाळू जाड टाकून काही होणार नाही, ते दुप्पट उकरतील. क्रमच उलटा करा. आधी शीट, तिच्यावर दगड, आणि दगड पक्के बसल्यावर त्यांच्या भोवतीनं वाळू. मग त्यांनी तळापर्यंत खणलं तरी दगडाखालून काढायला काही उरतच नाही, दगड जागचा हलत नाही. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, कन्व्हिक्ट आणि मलावी तलावातले मबुना, म्हणजे सिक्लिड कुळातले बरेच मासे, उकरतात. अंडी घालायच्या वेळेला तर एका रात्रीत खड्डे पाडतात. तळाशी राहणारे लोच मासे पण दगडाखाली शिरून वाळू सरकवतात आणि मोठा सकर मासा शेपटीच्या एका फटक्यात अर्धा किलोचा दगड ढकलू शकतो. त्यांच्या स्वभावाला औषध नाही, उकरणं त्यांना हवंच असतं आणि ते त्यांना करू द्यावं, रचना आपणच तशी करायची.

ज्यांच्याकडे टेट्रा, गप्पी असे न उकरणारे मासे आहेत त्यांनी वाळूच्या थरात दगड रुतवून ठेवला तर चालतं का, असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. लहान दगड चालतो, पण नुसता वर ठेवायचा नाही, डावीउजवीकडे हलवत खाली दाबत न्यायचा, तो खाली टेकल्याचं हाताला कळेपर्यंत. मोठ्या दगडाला मात्र मी तिथंही शीटच सांगेन, आज टेट्रा आहेत, उद्या तुम्ही काय आणाल ते तुम्हालाही माहीत नसतं.

आता रास. ती टँकमध्ये रचू नका, बाहेर रचा. एका पुठ्ठ्यावर टँकच्या तळाचं माप आखा, आत चारही बाजूंनी दोन दोन इंच सोडून दुसरी रेघ मारा, आणि त्या आतल्या चौकोनातच सगळं बसवा. ते दोन इंच काच पुसायचा मॅग्नेट क्लीनर फिरायला लागतात, पाणी फिरायला लागतात, आणि मुख्य म्हणजे दगड कलला तर उभ्या काचेवर जाऊन टेकू नये म्हणून लागतात. सगळ्यांत मोठा दगड खाली, सपाट बाजू खाली, आणि वरचा प्रत्येक दगड खालच्याला निदान तीन ठिकाणी टेकलेला हवा. दोनच ठिकाणी टेकला तर तो डुलतो. रचून झालं की वरच्या दगडावर तळहात ठेवून चारही दिशांना ढकलून बघा, बऱ्यापैकी जोर लावून, तुमचा ऑस्कर लावेल त्यापेक्षा जास्त. जो डुलला तो काढून फिरवून परत बसवा, त्याच्याखाली बारीक चीप सरकवून भागवू नका, ती चीप आज ना उद्या निसटते. मग चारही बाजूंनी फोटो काढा, दगडांवर खडूनं १, २, ३ असे आकडे टाका, आणि त्याच क्रमानं आत लावा. खडूचे आकडे आत ठेवायच्या आधी धुऊन टाका.

चिकटवायचं असेल तर शुद्ध सिलिकॉन घ्या, त्यात बुरशी रोखणारं औषध मिसळलेलं नसावं, बाथरूमसाठीच्या बऱ्याच ट्यूबमध्ये ते असतं आणि माशांना ते विषारी पडतं. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान दोन दिवस आणि जाड लावलं असेल तर आणखी, थांबा. सुपरग्लूची जेल पण चालते, ती सुकल्यावर माशांना काही करत नाही, फटीत कापसाचा बोळा घालून त्यावर ती टाकली की फार पटकन दगडासारखं कडक होतं. पण कापसावर सुपरग्लू पडला की तो जोरात तापतो, बोटं भाजू शकतात आणि डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो, त्यामुळं हे काम उघड्या हवेत, चिमट्यानं, लहान मुलं आसपास नसताना. आणि गोंदाच्या भरवशावर रास उभी करू नका. गोंद नसतानाही जी उभी राहते तीच रास खरी, गोंद फक्त तिला सरकू देत नाही.

प्रश्न: दादा, मी नववीत आहे. माझ्याकडे छोटा टँक आहे, त्यात निऑन टेट्रा आहेत. नदीकाठचे गोल दगड आणलेत. ते उकळून घेतले की झालं ना? आणि दगडामुळं पाणी खराब होतं का?

उत्तर: उकळू नकोस. हे सगळ्यात आधी सांगतो कारण ही सवय बऱ्याच मोठ्या माणसांनाही आहे. दगडाच्या आत बारीक भेगा असतात, नदीतल्या दगडात तर पाणी मुरलेलंच असतं, ते आतल्या आत तापून त्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर दगड फुटतो आणि त्याचे तुकडे उडतात. ओव्हनमध्ये, गॅसवर, मायक्रोवेव्हमध्ये, कुठंच तापवायचा नाही. कडक ब्रश घे, वाहत्या पाण्याखाली घासघासून धू, साबण अजिबात नको कारण तो दगडाच्या छिद्रांत राहतो, मग कडक उन्हात काही दिवस पूर्ण वाळव. ब्लीचच्या वाटेला तू जाऊ नकोस.

दुसरं, पाणी बदलतं का. काही दगडांनी बदलतं. चुनखडी, संगमरवर, शंखशिंपल्यांचे तुकडे, प्रवाळ, आणि दुकानात सेरयू नावानं मिळणारा तो देखणा करडा दगड, यांच्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं, ते हळूहळू विरघळतं आणि पाण्याचा जडपणा आणि पीएच वर नेतं. तुझे निऑन मुळात मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातले, त्यांना हे मानवत नाही. गप्पी, मॉली किंवा मलावीतले सिक्लिड असते तर त्यांना उलट चाललं असतं. ग्रॅनाइट, बेसाल्ट, स्लेट, क्वार्ट्झ हे पाण्याला फारसं काही करत नाहीत.

ओळखायचं कसं तर दगडाचा एक कोपरा खिळ्यानं खरवडून ताजा कर आणि त्यावर व्हिनेगरचे थेंब टाक. एक मिनिट डोळा जवळ नेऊन बघ, बारीक बुडबुडे उठले की त्यात चुना आहे. पण घरातलं व्हिनेगर फार सौम्य असतं आणि काही दगडांवर, डोलोमाइटसारख्या, त्याचे बुडबुडे जवळजवळ येतच नाहीत, म्हणून बुडबुडे आले नाहीत एवढ्यावर खात्री धरू नकोस. दोन बादल्या घे, दोन्हींत सारखंच पाणी, एकीत दगड आणि दुसरी नुसती, दोन आठवडे ठेव आणि मग टेस्ट किटनं दोन्हींचा पीएच, जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (कार्बोनेटचा जडपणा) तपास. दगडाच्या बादलीतला आकडा वर गेला असेल तर तो दगड निऑनच्या टँकमध्ये नको. नुसती दगडाची बादली तपासून कळत नाही, कारण पाणी भरून ठेवलं की त्याचा पीएच तसाही थोडा बदलतो.

हिरव्यानिळ्या शिरा असलेले, गंजाचे ओघळ असलेले आणि सोन्यासारखे चमकणारे दगड ठेवू नकोस, त्यांत तांबं किंवा दुसरे धातू असू शकतात. अभ्रकही चमकतं आणि त्यानं काही होत नाही, पण दोन्हींतला फरक ओळखता येत नसेल तर दगड बाहेरच बरा. आणि पुढच्या वेळी नदीवर गेलास तर कारखान्याच्या किंवा शेताच्या सांडपाण्याजवळचे दगड उचलू नकोस, संरक्षित जागेतले तर नाहीच नाही, आणि उचललेल्या दगडाखाली किडे किंवा अंडी दिसली तर तो जसा होता तसा परत ठेव. ते त्यांचं घर आहे.

प्रश्न: टँक वर्षभर चालू आहे, मासे आहेत, सगळं सेट आहे. आता दोन मोठे दगड, प्रत्येकी १२ ते १५ किलोचे, आत घालायचेत. पूर्ण रिकामा न करता घालता येतील का? हात लावायलाच भीती वाटते.

उत्तर: येतील, फक्त घाईचं काम नाही, सुट्टीच्या दिवशी करा आणि जोडीला एक माणूस घ्या. एकट्यानं हे करू नका, १५ किलोचा ओला दगड काचेच्या काठावरून आत नेताना दोन हात कमी पडतात.

हीटर आधी बंद करा, प्लग काढून, आणि पाणी काढायच्या आधी १०-१५ मिनिटं जाऊ द्या, तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते. फिल्टर, लाइट, सगळं बंद. मग पाणी निम्म्याहून कमी करा, पण काढलेलं पाणी फेकू नका, स्वच्छ बादल्यांत ठेवा. माशांना त्याच पाण्याच्या झाकण असलेल्या बादलीत, एअर पंप लावून काढून ठेवलंत तर सगळ्यांत चांगलं. फिल्टरचा स्पंज काढलात तर टँकच्याच पाण्यात बुडवून ठेवा, नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं त्यातले उपयोगी जीवाणू मरतात. बादल्यांत काढताना मासे मोजा. कुहली लोच, सकर, छोटे कॅटफिश हे कुठंतरी वाळूत नाहीतर लाकडाखाली दडून बसलेले असतात, आणि दगडाखाली चिरडून गेलेला मासा बऱ्याचदा वास यायला लागल्यावरच कळतो.

दगडाची जागा ठरली की तिथली वाळू हातानं किंवा प्लास्टिकच्या डबीनं बाजूला ओढा, काच दिसेपर्यंत. हे हळू करायचं, जुन्या वाळूच्या थरात घाण साठलेली असते आणि एकदम ढवळलं की पाण्यात अमोनिया वाढतो. सायफननं तिथंच ओढून घेतलं तर उत्तम. काळा पट्टा दिसला आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर तो भाग पूर्ण बाहेर काढा, तिथं हायड्रोजन सल्फाइड साठलेलं असतं आणि ते माशांना विषारी असतं. मग त्या मोकळ्या जागेवर दगडाच्या बुडापेक्षा थोडा मोठा ॲक्रिलिकचा तुकडा बसवा. पाण्यात तो काचेवर नीट टेकायला जरा त्रास देतो, एका कडेनं तिरका सोडा म्हणजे खालची हवा निघून जाते, आणि बोटांनी कडेकडेनं फिरून खाली वाळू सापडली नाही ना ते बघा.

आता दगड. हातातली अंगठी, घड्याळ काढून ठेवा. एक जाड जुना टॉवेल, धुताना साबणाचा अंश न राहिलेला, दगडाखालून झोळीसारखा घ्या, दोघांनी दोन्ही टोकं धरा, टँकच्या वरच्या काठावर दुसरा घडी घातलेला टॉवेल टाकून ठेवा म्हणजे चुकून दगड घासला तरी काठाचा टवका उडणार नाही. उभे राहायची जागा कोरडी करा. दगड सरळ खाली न्या, कुठल्याही क्षणी सोडायचा नाही, आणि तळापासून चार बोटांवर आला की थांबा. एकानं टॉवेल धरून ठेवायचा आणि दुसऱ्यानं हात आत घालून दगडाचं बूड शीटच्या वर आलंय का ते चाचपायचं. मग आधी एक कड टेकवा आणि बाकीचा दगड हातावर झेलत हळूहळू बसवा, म्हणजे सगळं वजन एकदम येत नाही. टॉवेल एका बाजूनं ओढून घ्या, अडकला तर हिसका देऊ नका, दगड परत थोडा उचला. बोटं खाली सापडणार नाहीत याची काळजी, पाण्यात दगड हलका लागतो म्हणून माणूस बेसावध होतो, पण बोट चिरडायला तेवढं वजन पुरतं.

दगड बसला की ढकलून बघा, डुलत नसेल तर भोवतीनं वाळू परत लोटा. साठवलेलं पाणी आत घाला, ते सगळं मावणार नाही, १५ किलोच्या दोन दगडांनी ११ लिटर जागा घेतलीय, उरलेलं झाडांना घाला. हीटर पाण्याखाली पूर्ण बुडाल्यावरच सुरू करा. पुढचे काही दिवस अमोनिया आणि नायट्राइट, म्हणजे घाणीतून तयार होणारी माशांना विषारी द्रव्यं, तपासत राहा, खाणं कमी द्या, आणि आकडा दिसला की लगेच थोडं पाणी बदला. पहिल्या रात्री टँकखाली वर्तमानपत्र पसरून ठेवायला मी नेहमी सांगतो, सिलिकॉनच्या सांध्यातून थेंब जरी येत असला तरी सकाळी कागदावर दिसतो.

प्रश्न: अंडरग्रॅव्हल फिल्टर आहे, म्हणजे खडीखाली प्लेट बसवून पाणी ओढणारा. त्याच्या प्लेटवर दगड ठेवले तर चालतील?

उत्तर: मोठे नाही. ती प्लेट बारीक पायांवर उभी असते, वजनानं खचते, आणि दगडाखालून पाणी ओढलंही जात नाही त्यामुळं तेवढा भाग निकामी होतो. मोठे दगडच हवे असतील तर प्लेट काढा आणि स्पंज किंवा बाहेरचा फिल्टर घ्या, आधी काही आठवडे दोन्ही बरोबर चालवून, म्हणजे नव्या फिल्टरमध्ये जीवाणू तयार होतात.

प्रश्न: दगड हातातून निसटला. फार उंचावरून नाही, पण तळाच्या काचेवर एक रेघ दिसतेय. पाणी गळत नाहीये. ओरखडा आहे की तडा हे कसं कळणार, आणि वरून सिलिकॉन लावला तर भागेल का?

उत्तर: टॉर्च घ्या, खोलीतला लाइट बंद करा, आणि बाजूनं, अगदी काचेला समांतर उजेड टाका. ओरखडा फक्त पृष्ठभागावर चमकतो. तडा काचेच्या आत आरशाच्या पात्यासारखा चमकतो, डोकं हलवलं की ती चमक दिसते आणि नाहीशी होते. रेघ कडेपर्यंत गेली असेल, किंवा तिच्या टोकातून दुसरी रेघ फुटली असेल, तर तो तडाच समजा. टोकांवर बाहेरून मार्करनं खूण करता आली तर करा, पण शंका असेल तर खुणा करून वाट बघत बसू नका, मासे बादलीत काढा आणि पाणी आजच उतरवा. गळत नाहीये म्हणजे ठीक आहे असं नसतं, तडा काही दिवस तसाच राहतो आणि मग एकदम पसरतो, आणि २०० लिटर पाणी खोलीत आलं की पहिला धोका माशांना नाही, खालच्या विजेच्या बोर्डाला आणि तुम्हाला असतो. तळ टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेचा असेल तर तो तडा न दाखवताच एकदम बारीक तुकडे होऊन जातो, म्हणून तिथं दगड पडल्यानंतर काठाला टवका दिसला तरी टँक वापरू नका.

तडक्या तळावर सिलिकॉनचा लेप लावून भागत नाही. सिलिकॉन पाणी अडवतो, काचेचा जोर परत आणत नाही. काच बदला किंवा त्या टँकमध्ये पाणी नसलेलं काहीतरी करा. नुसता उथळ ओरखडा असेल, तळाच्या मध्ये असेल, नखात अडकत नसेल, तर टँक चालू ठेवायला हरकत नाही, पण त्या जागेवर शीट घाला आणि दगड तिथून दूर ठेवा.

प्रश्न: टँकवर २०० लिटर लिहिलंय, पण आत भरपूर दगड आणि वाळू आहे. औषध किती लिटरच्या हिशोबानं टाकायचं?

उत्तर: आत खरंच जेवढं पाणी आहे तेवढ्याच. ज्यांच्याकडे भरपूर दगड आहेत त्यांच्याकडे २०० लिटरच्या टँकमध्ये १६०-१७० लिटरच पाणी असू शकतं, आणि २०० च्या हिशोबानं टाकलेलं औषध मग जास्त होतं. मोजायची सोपी रीत म्हणजे पुढच्या वेळी टँक भरताना मापाच्या बादलीनं भरा आणि आकडा टँकच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवा. टँक आधीच भरलेला असेल तर दगडांचं वजन आठवत असेल त्याला २.७ नं भागा, दगडांची लिटरमधली जागा साधारण कळते, लाव्हा रॉकसारखे सच्छिद्र दगड सोडून. वाळूसाठीही थोडं वजा करा, तिच्या दाण्यांमध्ये पाणी असतं पण बरीचशी जागा दाणेच घेतात. तांब्याचं औषध वापरणार असाल तर आणखी एक, चुन्याचे दगड पाण्यातलं तांबं ओढून घेतात, त्यामुळं मात्रेचा भरवसा राहत नाही. तो उपचार दगड नसलेल्या वेगळ्या टँकमध्येच करा.

प्रश्न: घर बदलतोय. पाणी काढून टाकून टँक दगडांसकट उचलला तर चालेल का? परत रचायचा कंटाळा आलाय.

उत्तर: नाही, कृपा करून तसं करू नका. पाण्यात असताना दगडाला पाण्याचा आधार होता, पाणी गेलं की त्याचं पूर्ण वजन तळावर येतं. उचलताना टँक थोडा जरी पिळवटला तरी सिलिकॉनचे सांधे ताणले जातात, आणि पायरीवर एखादा दगड घसरून उभ्या काचेवर गेला की संपलंच. वाळूही काढा. रचनेचे चारही बाजूंनी फोटो काढा, दगडांवर आकडे टाका, ओल्या फडक्यात गुंडाळून वेगळ्या क्रेटमध्ये न्या, आणि टँक पूर्ण रिकामा करून दोघांनी तळाखाली हात घालून उचला, वरच्या पट्टीला धरून नाही. नव्या जागी पोचल्यावर आधी लेव्हल, मग शीट, मग तुमचे आकडे टाकलेले दगड, आणि वाळू सगळ्यात शेवटी.